सगळ्या ओळींचा बाप

त्या मजल्यावर प्रत्येक ओळीला बाप असायचा. ओळ म्हणजे प्रोग्रॅममधली ओळ. ती शेवटची कुणी लिहिली किंवा बदलली त्याचं नाव कॉम्प्युटर तिच्या शेजारी दाखवतो. या सोयीचं मूळ नाव 'ब्लेम', म्हणजे ठपका. पण तिथल्या मंडळींना ठपका हा शब्द फारच सभ्य वाटला असावा. काही बिघडलं की पहिला प्रश्न यायचा, "या ओळीचा बाप कोण?" मग ज्याचं नाव निघालेलं नाही असा कुणीतरी अत्यंत आनंदाने निघालेलं नाव मोठ्याने वाचून दाखवायचा.

कंपनी पार्सलं पोचवणारी. कुठलं पार्सल कुठल्या गाडीत चढणार, कुठल्या डेपोत उतरणार, कुठल्या रस्त्याने जाणार, हे सगळं एक अवाढव्य प्रोग्रॅम ठरवायचा. तो ज्यांनी लिहिला त्यातले बरेच जण आता नव्हते. काही नोकरी सोडून गेले होते, काही देश सोडून, आणि एकजण तर कॉम्प्युटरच सोडून मधमाश्या पाळायला गेला होता. उरलेले लोक त्या प्रोग्रॅमकडे आपण थोरल्या, तापट काकांकडे बघतो तसं बघायचे. आदर होता, पण खोलीत एकटं जायला कुणी धजत नव्हतं.

अशा ठिकाणी नवे संचालक आले. त्यांना आलेखसाहेब म्हणायचे, कारण ते ज्याचा त्याचा आलेख काढायचे. कॉफीच्या यंत्रासमोरच्या रांगेचासुद्धा त्यांनी काढला होता आणि त्यात चढ दिसल्यावर ते चिंतेत पडले होते. पण माणसाला न्याय द्यायला हवा. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता.

"या प्रोग्रॅममधलं कुणाला काय येतं?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. कुणाला काय येतं हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण येतं म्हणणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, एवढं ज्ञान सगळ्यांनाच होतं.

मग साहेबांनी एक साधन विकत आणलं. त्याचं नाव 'तज्ञदर्शक'. ते प्रोग्रॅममधल्या एकूण एक ओळीशेजारचं नाव बघायचं, प्रत्येकाच्या नावावर किती ओळी आहेत ते मोजायचं आणि ज्याच्या जास्त तो त्या भागातला तज्ञ, असा आलेख काढून द्यायचं. मजल्यावर त्याचं बारसं लगेच उरकलं: बापमोजणी.

बापमोजणीचा निकाल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लागला. बहुतेकांचे खांब बोटभर उंचीचे. एकाचा मात्र पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकलेला. पार्सलांचं वजन बघणारा भाग असो, गाड्यांचा असो की पत्त्यांचा, सगळीकडचा तज्ञ एकच. मोकळे.

मोकळे हे त्याचं आडनाव नव्हतं. तो नवा नवा लागला तेव्हा त्याला एक काम दिलं होतं, जे दुसऱ्या कुणालाही नको होतं. प्रोग्रॅमच्या ओळी डावीकडून किती आत सरकवायच्या, यावरून त्या मजल्यावर दोन घराणी पडली होती. एक घराणं टॅबची कळ दाबायचं, दुसरं स्पेसची. एकमेकांच्या लग्नांना जायचे, पण या विषयावर बोलणं बंद होतं. परिणामी ओळी कशाही सरकलेल्या, दंतवैद्याकडे न गेलेल्या दातांसारख्या. नव्या पोराला सांगितलं, सगळ्या सारख्या कर. त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली, एन्टर दाबलं, आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा कंपनीच्या झाडून सगळ्या ओळींच्या डावीकडे बरोबर चार मोकळ्या जागा बसल्या होत्या. एका अक्षराचाही अर्थ बदलला नव्हता. तेव्हापासून तो मोकळे.

आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीने, त्या चहापासून, सगळ्या ओळींचा बाप.

हे साहेबांना सांगितलं पाहिजे, असं मोकळेला वाटलं. तो प्रामाणिक होता. शिवाय घाबरलेलाही होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस लवकर बोलतो.

"सर, एक सांगायचं होतं. त्या ओळी माझ्या नाहीत."

"सगळ्या टीमच्या आहेत. असंच ना?" साहेब गहिवरले. "हेच. हेच मला हवंय."

"तसं नाही सर. मी फक्त त्यांच्या डावीकडे..."

"पाया घातलात."

"मोकळी जागा घातली, सर."

"मोकळेपणा!" साहेब उठून उभे राहिले. "प्रत्येक ओळीत मोकळेपणा आणलात. या कंपनीत ज्याची उणीव होती तेच नेमकं."

मोकळे बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात मुख्य तज्ञ पदाचं पत्र होतं. दुसऱ्या दिवशी त्याला काचेची केबिन मिळाली, आणि वरखाली होणारी खुर्ची. ती खुर्ची त्याने पहिला तासभर वरखाली केली, कारण दुसरं काय करायचं हे त्याला कळेना.

घरी सासूबाईंनी बातमी ऐकून टीव्हीचा आवाज कमी केला.

"जावईबापू तज्ञ झाले म्हणे. कशातले?"

"ते अजून ठरायचंय."

"हं." सासूबाईंनी आवाज पुन्हा वाढवला. "ठरलं की सांगा. मिक्सरचं बटण अडकतंय."

आता आलेखाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. तिथे एक खांब असा होता की तो वर गेलेलाच नव्हता. तो खाली गेला होता. रेघेच्या खाली, लालभडक, पडद्याच्या तळाशी. साहेबांना आधी वाटलं पडदा उलटा लावलाय. मग त्यांनी नाव वाचलं.

ते नाव आत्याचं होतं. आत्या कुणाचीच आत्या नव्हती. पण कौतुकाच्या आधी खोट काढायची, आणि खोट काढून झाल्यावर कौतुकाला वेळ उरायचा नाही, म्हणून आत्या. ती कॉफीच्या यंत्राच्याही आधीपासून तिथे होती. इतरांनी लिहिलेला कोड प्रोग्रॅममध्ये जाण्याआधी तिच्या नजरेखालून जायचा. ती चष्मा डोक्यावरून नाकावर आणायची, वाचायची आणि विचारायची, "हे कशाला?" याचं उत्तर देता आलं नाही की ती ओळ गेली. निम्म्या वेळा उत्तर देता यायचं नाही. स्वतःच्या जुन्या ओळींनाही ती हाच प्रश्न विचारायची आणि त्याही काढून टाकायची. त्यामुळे हयातभर काम करून तिच्या नावावर आता जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, आणि काढलेल्या ओळी 'तज्ञदर्शक' उण्यात धरायचं.

"या बाई कंपनीचा प्रोग्रॅम खातायत," साहेब म्हणाले.

निर्णय झाला. महिनाअखेरीस आत्याची जागा रद्द. तोपर्यंत तिने आपल्याजवळ काही ज्ञान असल्यास ते मुख्य तज्ञांकडे हस्तांतरित करावं. 'असल्यास' हा शब्द पत्रात खरोखरच होता.

आत्या केबिनमध्ये आली ती दार न वाजवता. काचेचं दार, आतून आणि बाहेरून सगळं दिसत असताना वाजवायचं कशाला, असा तिचा हिशेब.

"बसा ना आत्या."

"उभी बरी आहे. बोल."

"साहेब म्हणालेत, तुमच्या डोक्यातलं सगळं माझ्याकडे..."

"ओतू? भांडं आणलंयस?"

मोकळे खुर्चीसकट थोडा खाली गेला. "आत्या, मी सांगितलं त्यांना. खरंच सांगितलं."

"काय?"

"त्या ओळी माझ्या नाहीत म्हणून."

"आणि माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

मोकळेने टेबलाकडे पाहिलं. टेबल नवीन होतं आणि त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"ते राहिलं."

"राहायचंच. स्वतःचं नाव काढायला धावत गेलास. माझं घालायला चालतसुद्धा नाही गेलास." ती हे रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती कोड तपासतानाच्या आवाजात म्हणाली. "असू दे. माझी ती पुलाची विनंती तुझ्याकडे पडून आहे. मंजूर कर."

पुलाची गोष्ट अशी. शहरातून नदी जाते आणि तिच्यावर एक मोठा पूल आहे. काही वर्षांपूर्वी तो दुरुस्तीसाठी बंद होता. तेव्हा कुणीतरी प्रोग्रॅममध्ये नियम घातला, की नदीपलीकडची पार्सलं आधी उत्तरेच्या डेपोत न्यायची आणि तिथून लांबच्या पुलावरून उतरवायची. पूल दुरुस्त झाला, उघडला, त्याच्यावर नवे दिवेही लागले. नियम तसाच राहिला. त्याच्या आधाराने दुसरे नियम उभे राहिले, त्यांच्या आधाराने तिसरे. आत्याला ते सगळं बिऱ्हाड उठवायचं होतं. तिने तयारी करून विनंती पाठवली होती. पण साहेबांच्या नव्या पद्धतीत काहीही काढायचं तर मुख्य तज्ञाची मंजुरी लागायची.

"मी जरा समजून घेतो आणि मग करतो," मोकळे म्हणाला.

"घे की. महिनाअखेरपर्यंत समजव म्हटलंस तर समजवीन. नंतर मी नाही." ती दाराशी थांबली. "मोडेल अशी भीती वाटते ना?"

"हो."

"वाटू दे. पण भीतीला विचारून ये, पूल उघडा आहे का बंद."

त्यानंतर केबिनमध्ये लोक येऊ लागले. मुख्य तज्ञ म्हटल्यावर येणारच. पत्त्यात कंस आला की लेबल कोरं का छापतं? रविवारी वजनं दुप्पट का दिसतात? मोकळे गंभीर चेहऱ्याने "थांब, बघून सांगतो" म्हणायचा, छपाईच्या यंत्रामागच्या बोळातून आत्याच्या टेबलाशी जायचा, उत्तर घेऊन त्याच बोळातून परत यायचा आणि तितक्याच गंभीर चेहऱ्याने सांगायचा. सगळ्यांना सगळं दिसत होतं. कुणी काही म्हणायचं नाही, फक्त हळूहळू प्रश्न विचारणारे स्वतःच बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहू लागले, म्हणजे त्याचा हेलपाटा वाचेल.

साहेबांनी त्याची ये-जा काचेतून पाहिली. "एवढा मोठा तज्ञ आणि पाय जमिनीवर," ते कुणाला तरी म्हणाले.

हे सगळं त्याने घरी बायकोला सांगितलं. बायको हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. ती आधी पोट धरून हसली.

"हसू नकोस. त्या बाईची नोकरी जातेय."

"म्हणूनच हसतेय. आमच्याकडे भिंतीवर तक्ता आहे, मोठमोठी नावं आहेत त्याच्यावर. पण पेशंटची शीर सापडेना झाली की कुणाला हाक मारतात माहितीय?"

"कुणाला?"

"आहे एक किरकिरी सिस्टर. तिला चहाला कुणी बोलवत नाही. पण शीर सापडेना की तिच्याच नावाने ओरडतात. त्यात डॉक्टरही आले." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं ते मशीन शेवटचा हात कुणाचा लागला ते बघतं. अरे, पहिली हाक कुणाला जाते ते बघा ना."

"या घरात मला जाते," सासूबाई आतून म्हणाल्या. "मिक्सर अजून तसाच आहे."

मोकळे रात्री नीट झोपला. ऑफिसात गेल्यावर मात्र तो खुर्ची वरखाली न करता कामाला लागला. त्याला एक गोष्ट खरंच चांगली यायची: पसरलेलं सारखं करणं. 'तज्ञदर्शक'च्या पोटात हात घालून त्याने आधी सांगितलं, ज्या बदलात नुसती मोकळी जागा बदलली आहे तो बदल धरू नकोस.

त्याचा खांब पडद्याच्या वरच्या कडेवरून निघाला आणि जमिनीवर आला. अख्खं राज्य एका कळीत खालसा. तो थोडा वेळ बघत राहिला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. खोटा का होईना, खांब उंच होता.

मग दुसरी गोष्ट. कोडच्या प्रत्येक बदलाखाली लोकांचं बोलणं साठवलेलं असतं. कुणी अडलं की तिथेच दुसऱ्याला नावाने हाक मारतं, तो उत्तर देतो, वाद होतो, मिटतो. मोकळेने साधनाला सांगितलं, कुठल्या भागात अडल्यावर लोक कुणाला हाक मारतात ते मोज; आणि कुणाच्या उत्तरानंतर पुढे कुणी काही विचारलं नाही तेही मोज.

नवा आलेख उठला. वजनाच्या भागात एकजण, लेबलांच्या भागात दुसरा, दोघेही स्वतःला सामान्य समजून गप्प बसणारे. आणि रस्ते, पत्ते, डेपो, गाड्या, असं जिकडे बघावं तिकडे आत्या.

तो आलेख घेऊन तो साहेबांकडे गेला. या वेळी त्याने आधी तिचं नाव घेतलं.

"सर, खऱ्या तज्ञ आत्या आहेत. हे बघा."

साहेबांनी खूप वेळ पाहिलं. "हे कुणी काढलं?"

"मी."

"तुम्ही मुख्य तज्ञ. म्हणजे हे बरोबर असणार." मोकळे आनंदला. "पण हे बरोबर असेल, तर तुम्ही मुख्य तज्ञ नाही."

"हो सर."

"आणि तुम्ही मुख्य तज्ञ नसाल, तर हे बरोबर कशावरून?"

मोकळेने उत्तर शोधलं. ते आत्याला विचारावं लागलं असतं.

"परवा मालकीणबाई येतायत," साहेब म्हणाले. "आपण जुनाच आलेख लावू. त्यात गोंधळ नाही."

मालकीणबाईंनी ही कंपनी एका गाडीवर सुरू केली होती आणि ती गाडी त्या स्वतः चालवायच्या. आता वय झालं होतं. सभागृहात येऊन त्या पहिल्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली, आणि साहेबांचं भाषण गाडी सिग्नलला उभी असावी तशा शांतपणे ऐकलं. पडद्यावर मोकळेचा उत्तुंग खांब. मोकळे त्याच्या खालीच, पुढच्या रांगेत. आत्या शेवटच्या रांगेत, पर्स खांद्याला लावून, निघायच्या तयारीतच बसल्यासारखी.

"छान," मालकीणबाई म्हणाल्या. "तज्ञ सापडलेत, तर मला एक विचारायचंय. माझी धाकटी बहीण नदीपलीकडे राहते. गच्चीवरून तिचं घर दिसतं मला. तिला काही पाठवलं की ते आधी उत्तरेला का जातं? मी एवढी वर्षं गाडी चालवली, मला कधी असं जावंसं वाटलं नाही."

"मुख्य तज्ञ सांगतील," साहेब म्हणाले.

पण मुख्य तज्ञाने तोंड उघडायच्या आत एक गंमत झाली. सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. कुणी ठरवून वळवली नाही. प्रश्न आला आणि माना वळल्या, दाराची बेल वाजली की दाराकडे वळतात तशा. मोकळेची मानही वळली होती. ती वळल्यावरच त्याच्या लक्षात आलं.

मालकीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मानांकडे पाहिलं आणि मग त्या जिकडे वळल्या होत्या तिकडे.

"मागे कोण बसलंय?"

"एक मिनिट बाई," साहेब घाईने म्हणाले. त्यांनी पडद्यावर पुलाचा नियम शोधून काढला. त्याच्या शेजारी नाव होतं. "हे बघा. हा नियम मुख्य तज्ञांचाच आहे. त्यांचा काही तरी सखोल विचार असणार."

"तुम्ही घातलात हा?" मालकीणबाईंनी मोकळेला विचारलं.

मोकळे उभा राहिला.

"नाही. मी याच्या डावीकडच्या चार मोकळ्या जागा घातल्या. बाकी सगळ्या ओळींच्याही डावीकडच्या. तेवढंच. माझ्या नावावर जे दिसतंय ते सगळं तेच आहे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. वर्षानुवर्षं साठलेलं हसू होतं, त्याला थांबायला वेळ लागला. मोकळे थांबला. तो अजून खाली बसला नव्हता.

"हा नियम काढायची विनंती आत्यांनी केलीय. माझ्याकडे पडून आहे. मी घाबरून मंजूर केली नाही. त्यांनी काढलं की ते उणे दिसतं, म्हणून त्यांचा खांब खाली गेलाय. आणि खांब खाली गेला म्हणून त्या महिनाअखेरीस जातायत."

"तो काढला तर काय होईल, कळतं तुम्हाला?"

"मला नाही कळत. त्यांना कळतं. मला एवढं पक्कं कळतं, की त्यांना कळतं."

मालकीणबाई खुर्चीत पूर्ण वळल्या. "काय होईल हो?"

आत्याने चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. "पार्सल पुलावरून जाईल."

"मोडणार काय?"

"एकच. उत्तरेच्या डेपोतल्या गाड्या या फुकटच्या मालावर भरतायत. तो गेला की त्या अर्ध्या रिकाम्या दिसतील आणि प्रोग्रॅम घाबरून त्या रद्द करेल. ते धरून ठेवलंय मी. त्या गाड्या डोंगराकडच्या मालाला लावल्यात, तो तिकडे तुंबलेलाच असतो. बाकी काही मोडत नाही. मोडलं तर मला फोन करा, महिनाअखेरीपर्यंत."

शेवटच्या शब्दाला मालकीणबाईंनी साहेबांकडे एकदा पाहिलं.

"मग आपण थांबलोय कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

मोकळे पुढे गेला, साहेबांसमोरचा लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि विनंती उघडली. काढायच्या ओळी लालच लाल, पानंच्या पानं. त्याला त्यातलं अजूनही फारसं कळत नव्हतं. त्याने 'मंजूर' दाबलं.

आधी काही मोडत नाही ना हे बघणाऱ्या चाचण्या धावल्या. पडद्यावर एकेक हिरवी खूण खाली उतरू लागली आणि सभागृह पुढे झुकलं. मधे एका चाचणीवर ती अडखळली. "थांबते ती तिथे," आत्या मागून म्हणाली. "म्हातारी आहे." मग तीही हिरवी झाली. मग शेवटची. मोकळेने शहराचा नकाशा लावला, ज्याच्यावर पार्सलांचे मार्ग निळ्या रेघांनी दिसतात. नदीपलीकडे जाणाऱ्या रेघा नेहमीप्रमाणे वर उत्तरेला जाऊन वळसा घालून खाली येत होत्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. साहेबांनी घसा साफ केला.

आणि मग एक रेघ सुटली. डेपोतून निघाली, सरळ नदीकडे गेली आणि पुलावरून पलीकडे उतरली. तिच्यामागून दुसरी. मग भराभर, सोडलेल्या दोऱ्यांसारख्या, सगळ्या रेघा सरळ झाल्या. उत्तरेकडचा तो जुना फुगवटा विरळ होत गेला, आणि गेला.

टॅबवाल्यांच्या रांगेतून कुणीतरी आरोळी ठोकली. स्पेसवाल्यांनी ती उचलली. लोक खुर्च्यांवरून उठले, कुणी टेबल बडवलं, लेबलांच्या भागातला तो गप्प बसणारा गृहस्थ दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता आणि ती त्याला फार सुंदर येत होती. मालकीणबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नकाशाकडे बोट करून शेजारच्याला आपल्या बहिणीचं घर दाखवत होत्या.

आवाज जरा बसल्यावर आत्या म्हणाली, "असं अजून बरंच आहे काढण्यासारखं."

"मग काढा," मालकीणबाई म्हणाल्या. "महिनाअखेर वगैरे काही नाही. तुम्ही असेपर्यंत काढा."

त्यांनी मोकळेला जवळ बोलावलं. "आणि तुम्हाला नक्की काय येतं?"

मोकळेने विचार केला. "कुठली गोष्ट कुणाला विचारायची ते येतं."

"यांनी तेच शोधायला मशीन आणलं होतं ना?" त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या.

"मला नेमकं हेच मांडायचं होतं," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की कुणालाही वाटावं, माना त्यांनीच वळवल्या.

आलेखसाहेब संचालक राहिले. असे लोक राहतातच, आणि खरं तर मूळ प्रश्न त्यांचाच होता. त्यांनी नवा आलेख भिंतीवर लावला आणि तो आपल्या कल्पनेतून निघाला असं ते इतक्या मनापासून सांगू लागले, की मोकळेलाही अधूनमधून ते पटायचं. काचेची केबिन त्यांनी आत्याला देऊ केली. आत्याने ती आतून बाहेरून पाहिली आणि विचारलं, "हे कशाला?" आठवडा संपायच्या आत काचा उतरल्या. मोकळेने खुर्ची मात्र ठेवली. तो आता मजल्याच्या मधोमध बसायचा. कुणी प्रश्न घेऊन आलं की त्याला बरोबर त्या माणसाकडे पाठवायचा, आणि त्यात तो क्वचितच चुकायचा.

राहिली होती अधिकृत घोषणा. ती साहेबांनी स्वतः लिहिली, एक पानभर, आणि सर्वांना पाठवण्याआधी मोकळेकडे तपासायला दिली. मोकळेने ती योग्य माणसाकडे नेली.

आत्याने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. मजला हळूहळू भोवती जमा झाला.

"'कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे.' कुणाला?" कळ दाबली. वाक्य गेलं.

"'सर्वंकष पुनर्मूल्यांकनाच्या प्रक्रियेअंती.' हे कशाला?" गेलं.

"'श्रीमती.' ही कोण?" गेली.

"अहो, तो परिच्छेद माझ्या दूरदृष्टीबद्दल आहे," मागून साहेब म्हणाले. पण तोवर 'आहे'च्या जागी 'होता' म्हणायची वेळ आली होती.

आत्या खाली खाली येत गेली आणि प्रत्येक कळीला मजल्यावरून एक हुंकार उठत गेला, कुस्तीच्या फडात उठावा तसा. शेवटी पानावर एकच ओळ राहिली.

'आत्या कुठेही जात नाहीत.'

तिने ती पुन्हा वाचली. बोट कळीवर तसंच होतं.

"आत्या," मोकळे हळूच म्हणाला, "'कुठेही' नसलं तरी चालतं तसं. काढायचं?"

आत्याने चष्मा डोक्यावर सरकवला.

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढं मला आवडलं."

आणि पाठवून दिलं.